ट्रॉलीचे टायर एका अंगानें कां झिजतात?

ऊंस पिकविणाऱ्या मुलखांतील आमच्या बहुतेक सभासदांच्या दारांत आज बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आणि त्यामागें जोडावयाची ट्रॉली उभी असते. ट्रॅक्टराचें इंजिन जरा तापलें तर घरांतलें लहान पोरही जागें होतें. त्याचें तेल, पाणी, फिल्टर यांजकडे धन्याचें लक्ष असतें. ट्रॉलीकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाहीं. तिला इंजिन नाहीं, गिअर नाहीं, दिवे असलेच तर ते बहुधा फुटलेले. लोखंडी सांगाडा आणि चार चाकें, त्यांत बिघडावयाचें तें काय, अशी सर्वांची समजूत. ही समजूत आमचीही होती. ती आम्हांस केवढ्याला पडली आणि तिच्यापायीं एका निरपराध मुलावर अन्याय व्हावयाचा कसा थोडक्यांत टळला, हें आज सांगण्याचें योजिलें आहे. कारण गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या ट्रॉलीखालीं एकदां तरी वांकून पाहावें, अशी आमची इच्छा आहे.

आमच्या मंडळाच्या मालकीच्या दोन ट्रॉल्या आहेत. ज्या सभासदांस स्वतःची ट्रॉली घेण्याची ऐपत नाहीं, त्यांचा ऊंस पाळीपाळीनें कारखान्यावर पोंचविण्याचें काम त्या करतात. सन २०२३-२४ च्या हंगामाच्या आरंभीं, नोव्हेंबर महिन्यांत, त्यांपैकीं एकीस चारही टायर नवे घातले. फेब्रुवारी संपतो न संपतो तोंच मागच्या दोन टायरांच्या आंतल्या कडा गुळगुळीत होऊन त्यांतून दोरे डोकावूं लागले, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यांत त्यांपैकीं डावा टायर भरल्या ट्रॉलीखालीं रस्त्यांत फुटला. ट्रॉली कलंडली नाहीं हें नशीब. पाठीमागून मोटारसायकलीवर येणारीं दोन माणसें हातभर अंतरानें वांचलीं.

मंडळाच्या बैठकींत अर्थातच हा विषय निघाला. चालक तरुण, जवळजवळ पोरसवदाच. खड्डा पाहत नाहीं, वळणावर वेग आवरीत नाहीं, अशा तक्रारी त्याच्याविषयीं आधींच कानांवर होत्या. दोन टायरांची किंमत त्याच्या पगारांतून हप्त्यांनीं कापून घ्यावी, असा ठराव मांडण्यांत आला आणि, सांगावयास लाज वाटते, आमच्यापैकीं बहुतेकांनीं त्यास मान डोलाविली. त्या मुलानें एवढेंच विचारलें : "काका, मीं गाडी वेडीवांकडी हाणली असती, तर चारही टायर गेले असते. हे मागचे दोनच कां गेले? आणि तेही आंतूनच कां?" या प्रश्नाचें उत्तर बैठकींत कोणापाशींच नव्हतें. उत्तर नसतां दंड करणें कांहींस बरें वाटेना, म्हणून ठराव पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवून आमच्यांतील तिघांनीं ट्रॉली तपासावी असें ठरलें. पुढील मजकूर त्या तपासणीचा आहे.

वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो, तसा प्रथम टायर पाहावा. आणि नुसत्या डोळ्यांनीं न पाहतां तळहातानें चांचपावा. टायरचा जो पट्टा रस्त्याला लागतो त्याचे मनानें तीन भाग करावे : आंतली कड, मधला भाग आणि बाहेरली कड. दोन्ही कडा झिजल्या असून मध्यें नक्षी शाबूत असेल, तर टायरांत हवा कमी आहे किंवा त्यावरचें ओझें जास्त आहे. टायरच्या लेखीं या दोन्ही गोष्टी सारख्याच. पुरेशा हवेच्या अभावीं मधला भाग वर उचलला जातो आणि सारा भार कडांवर येतो. याच्या उलट, मध्य झिजून कडा राहिल्या असतील तर हवा प्रमाणाबाहेर भरलेली आहे. हा दोष आमच्याकडे क्वचितच आढळतो. टायरवर ठिकठिकाणीं वाटीसारखे खोलगट डाग पडले असतील, तर तें चाक नीट न फिरतां थरथरत व उड्या मारीत चाललें आहे. बेअरिंग ढिलें असेल, रिम वांकडी असेल किंवा पाट्यांचे बोल्ट सुटले असतील.

एकच कड झिजली असेल, तर मात्र प्रश्न जरा नाजूक होतो, कारण त्याचीं दोन निरनिराळीं कारणें संभवतात. एक, चाक उभें नसून कललेलें आहे. दुसरें, चाक उभें आहे, परंतु त्याचें तोंड सरळ पुढें नसून आंत किंवा बाहेर वळलेलें आहे. हीं दोन ओळखण्याची खूण अगदीं सोपी आहे. टायरच्या पाठीवरून तळहात बाहेरून आंत न्यावा आणि पुन्हां आंतून बाहेर आणावा. एका दिशेनें हात सुळकन जात असेल आणि दुसऱ्या दिशेनें नक्षीच्या धारा करवतीच्या दातांप्रमाणें लागत असतील, तर चाकाचें तोंड वळलेलें आहे असें समजावें. बाहेरून आंत जातांना मऊ व आंतून बाहेर येतांना धार लागत असेल, तर चाकांचीं तोंडें पुढच्या अंगास आंत वळलेलीं आहेत. याच्या उलट असेल तर बाहेर. अशी धार कोठेंच न लागतां एक कड नुसती गुळगुळीत उतरली असेल, तर चाक कललेलें असण्याचा संभव अधिक.

या दृष्टीनें आमच्या ट्रॉलीचे टायर पाहिले, तों एका ट्रॉलीस तीन दुखणीं आढळलीं. पुढच्या उजव्या टायरच्या दोन्ही कडा थोड्या उतरल्या होत्या. पुढच्या डाव्यावर वाट्या पडल्या होत्या. आणि मागच्या दोहोंच्या आंतल्या कडा, धार कोठेंही न लागतां, तेल लावल्याप्रमाणें गुळगुळीत झाल्या होत्या. बैठकींत आम्हीं "टायर झिजले" एवढेंच म्हटलें होतें. ते तीन तऱ्हांनीं झिजले होते हें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

पुढच्या उजव्या टायरचें निदान सर्वांत सोपें निघालें. सकाळीं ट्रॉली हलविण्यापूर्वीं हवेचा कांटा लावला, तेव्हां टायरच्या बाजूवर कोरलेल्या आंकड्याच्या दोन-तृतीयांशच हवा भरली. व्हॉल्व्हवर साबणाचें पाणी सोडतांच बुडबुडे येऊं लागले. टोपण कधींच हरवलें होतें व आंत माती शिरली होती. येथें दोन गोष्टी सांगून ठेवतों. टायरवर जो हवेचा आंकडा असतो तो कांहीं ठिकाणीं पौंडांत, तर कांहीं ठिकाणीं किलोपास्कलमध्यें दिलेला असतो. शंभर किलोपास्कल म्हणजे सुमारें साडेचौदा पौंड. त्याच्याच शेजारीं, तेवढ्या हवेवर तो टायर जास्तींत जास्त किती किलो भार सोसूं शकतो, तेंही लिहिलेलें असतें. तो आंकडा पुढें आमच्या फार उपयोगीं पडला. दुसरी गोष्ट अशी कीं हवा नेहमीं टायर थंड असतांना मोजावी. दहा-वीस किलोमीटर चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसतेच. ती पाहून कोणी हवा सोडतो व दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच टायर बसलेला आढळतो. टायरला लाथ मारून किंवा लोखंडी गजानें ठोकून हवा ओळखण्याची कला आमच्या पिढीस फार प्रिय आहे. आम्हीं ती त्या दिवशीं कांट्याशीं ताडून पाहिली. तिघांनीं तीन उत्तरें दिलीं आणि तिन्ही चुकलीं.

पुढच्या डाव्या चाकासाठीं जॅक लावला. उरलेल्या चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावून व आंसाखालीं लांकडाचा भक्कम ओंडका देऊन मगच चाक उचलावें. नुसत्या जॅकच्या भरंवशावर ट्रॉलीखालीं शिरूं नये. चाकास वरून व खालून धरून हलविलें, तों तें डुगडुगूं लागलें. हबचें झाकण काढून पाहतां नट सैल झालेला, आणि ग्रीस म्हणून जें आंत होतें तें काळी वाळू होऊन बसलेलें. निमुळत्या बेअरिंगाचा नट चाक फिरवीत फिरवीत आवळावा, चाक जड फिरूं लागलें कीं किंचित् मागें घ्यावा व लगेच पिन घालावी. चाक मोकळें फिरलें पाहिजे, पण हललें नाहीं पाहिजे. आमचें बेअरिंग मात्र बदलावेंच लागलें. खेप करून आल्यावर चारही हबांस तळहाताची पाठ लावून पाहण्याची संवय ठेवली, तर जें एक इतरांहून तापलें असेल तें आपण होऊनच सांपडतें.

आतां मागचीं चाकें, जीं सर्व तंट्याचें मूळ होतीं. गांवांत कोणासही विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें कीं मंडळाची ती ट्रॉली तिरपी चालते. तें खरें होतें. रस्त्यावर पाणी ओतून त्यावरून ट्रॅक्टर सरळ हांकला, तेव्हां ट्रॉलीच्या पुढच्या चाकांची ओली रेघ व मागच्या चाकांची ओली रेघ एकावर एक न पडतां चार बोटें बाजूस पडली. मग पुढच्या फिरत्या आंसाचा जो मधला खिळा, त्यापासून मागच्या आंसाच्या डाव्या टोंकापर्यंत व उजव्या टोंकापर्यंत टेप लावली. दोन्ही अंतरें सारखीं असावयास पाहिजेत; आमचीं बत्तीस मिलिमीटरांनीं भिन्न निघालीं. कारणही दिसलें. डाव्या पाट्यांमधून जाणारा सेंटर बोल्ट तुटला होता, यू-बोल्ट ढिले झाले होते आणि आंस त्या बाजूनें मागें सरकला होता.

खरें सांगावयाचें तर येथेंच आम्ही थांबणार होतों. आंस तिरपा, म्हणून टायर झिजले. दोष सांपडला, चला घरीं. परंतु तिघांपैकीं एक गृहस्थ पूर्वीं एस. टी. च्या वर्कशॉपांत काम करून निवृत्त झालेले होते. त्यांनीं मान हलविली. ते म्हणाले, एकाच आंसावरचीं दोन्ही चाकें तिरपीं फरफटत असतील, तर दोन्ही एकाच बाजूस फरफटतील. मग एका टायरची आंतली कड जावी व दुसऱ्याची बाहेरली. आपले तर दोन्ही आंतूनच गेले आहेत. हे दोन टायर एकमेकांच्या उलट बाजूस झिजले आहेत, म्हणून त्यांचें कारण तिरपेपणा असूं शकत नाहीं.

यावर आम्हीं पुष्कळ विचार केला आणि त्यांचें म्हणणें पटलें. मागें एकच आंस असलेली ट्रॉली आंस तिरपा झाला म्हणजे टायर घांसत नाहीं. ती आपला सांगाडाच तिरपा करून घेते आणि चाकें आपल्या दिशेनें सुखानें फिरत राहतात. अशी ट्रॉली रस्त्याची जास्त रुंदी अडविते, समोरून येणाऱ्यास धोका करते, म्हणून ती सरळ केलीच पाहिजे. पण तिच्या टायरांच्या झिजेचें खापर त्या तिरपेपणावर फोडतां येत नाहीं. ज्या ट्रॉलीस मागें एकापुढें एक असे दोन पक्के आंस असतात, तिची गोष्ट वेगळी. तेथें एक आंस तिरपा झाला कीं दुसरा त्याला वळूं देत नाहीं, आणि दोघांच्या भांडणांत टायर घांसले जातात. आमची ट्रॉली तशी नव्हती. सेंटर बोल्ट बदलून, यू-बोल्ट आवळून, दोन्ही अंतरें सारखीं करून घेतलीं व पुढें निघालों.

चाकांचीं तोंडें वळलेलीं आहेत काय, तेंही मोजलें. चाक उचलून फिरवितांना टायरच्या मध्यावर खिळ्यानें एक बारीक रेघ सर्वभर ओढली, तशीच दुसऱ्यावर. मग चाकें खालीं सोडून ट्रॉली दहा-बारा पावलें पुढें ओढली आणि दोन्ही रेघांमधील अंतर चाकांच्या पुढच्या अंगास व मागच्या अंगास, हबच्याच उंचीवर, मोजलें. दोहोंत दोन मिलिमीटरांचा फरक निघाला, म्हणजे दोष नाहींच म्हणावयाचा. हात फिरवून धार लागली नव्हती, तिच्याशीं हें जुळलेंच.

उरला कलतेपणा. त्यासाठीं साधनें लागलीं तीं गवंड्याचीं : ओळंबा आणि दोरी. ट्रॉली सपाट फरशीवर उभी करून रिमच्या वरच्या कडेसमोर ओळंबा सोडला व दोरीपासून रिमची वरची कड आणि खालची कड किती दूर आहे तें पाहिलें. चाक उभें असेल तर दोन्ही अंतरें सारखीं येतात. रिकाम्या ट्रॉलीस डाव्या चाकाची वरची कड नऊ मिलिमीटर आंत झुकलेली होती, उजव्याची आठ. भरल्यावर मोजलें तेव्हां डाव्याची चौदा झाली. सोळा इंची रिमवर चौदा मिलिमीटर म्हणजे सुमारें दोन अंश. दिसावयास हें कांहींच नाहीं. दहा पावलांवरून पाहणाऱ्यास चाक उभेंच दिसतें. मग आंसाच्या चौकोनी गजाखालीं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत दोरी ताणली, आणि तिघेही गप्प झाले. गज मध्यभागीं खालीं बांकला होता. दोरी मध्यें गजास टेंकून टोंकांकडे सुटी राहत होती.

कललेलें चाक टायर कसें खातें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें घरांतला एक पेला आडवा करून जमिनीवर लोटून द्यावा. पेल्याचें एक तोंड लहान व एक मोठें, म्हणून तो सरळ न जातां गोल वळतो. आंत झुकलेल्या चाकाचेंही तसेंच होतें. त्याची आंतली कड भाराखालीं अधिक दबते, तेथला घेर लहान होतो आणि चाक आंतल्या बाजूस वळूं पाहतें. पण आंस त्याला वळूं देत नाहीं. दोन्ही बाजूंचीं चाकें एकमेकांकडे वळूं पाहतात आणि दोन्ही बळेंच सरळ ओढलीं जातात. हा ओढा सर्वांत जास्त दबलेल्या आंतल्या कडेवर पडतो व ती खरवडली जाते. दोन्ही टायर आंतूनच कां गेले, याचें उत्तर हें होतें. त्या मुलानें वळणें जोरानें घेतलीं असतील किंवा नसतील. त्यानें दोन्ही चाकें सारखींच आंत झुकलीं नसतीं. दगडावर आपटून किंवा खड्ड्यांत पडून आंसाचें एखादें टोंक वांकतें, तेव्हां बहुधा एकच चाक बिघडतें. येथें संपूर्ण गज मध्यें खचला होता. एवढा जाड गज खचविण्यास एकच कारण पुरतें, आणि तें म्हणजे ओझें.

तेव्हां आम्हीं हंगामांतल्या कारखान्याच्या कांट्याच्या पावत्या काढल्या. त्या मंडळाच्या कपाटांतच होत्या. त्यांवरून आम्हीं पैसे वांटले होते, पण या दृष्टीनें त्या कधीं वाचल्या नव्हत्या. ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर बनविणाऱ्यानें पत्र्याची पट्टी ठोकली आहे व तिच्यावर पांच टनांचा आंकडा आहे. पावत्यांवरून एका ट्रॉलीमागें ऊंस येत होता साडेआठ ते नऊ टन. ट्रॉलीचें स्वतःचें वजन सुमारें दोन टन. म्हणजे चार चाकांवर अकरा टन. सारखें वांटलें तरी प्रत्येकीं पावणेतीन टन. आणि सारखें तें वांटलें जात नव्हतेंच. मोळ्या मागच्या बाजूस उंच रचण्याची आमच्याकडे रीत आहे, त्यामुळें मागच्या आंसाच्या वांट्यास निम्म्याहून अधिक येत होतें. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या भाराशीं हा आंकडा ताडून पाहिला, तेव्हां मागचे टायर हवा पुरी असतांनाही रोज आपल्या शक्तीबाहेर ओझें वाहत होते हें स्पष्ट झालें. हा हिशेब कोणासही घरबसल्या करतां येण्याजोगा आहे; पावती, ट्रॉलीचें रिकामें वजन आणि टायरवरील आंकडा, एवढ्या तीन गोष्टी पुरेत. दोनचाकी ट्रॉलीचा कांहीं भार ट्रॅक्टराच्या हुकावर जातो, तेवढा मात्र वजा धरावा.

एवढें ओझें भरावयास सांगितलें कोणीं? मंडळाच्या टिपणवहींत डिसेंबर २०२३ च्या बैठकीची नोंद आहे. तोडणीच्या टोळ्या कमी, सभासदांचा ऊंस वाळूं लागलेला, डिझेलचा खर्च वाढलेला. यास्तव "प्रत्येक खेपेस शक्य तितका माल भरावा" असें सर्वानुमतें ठरलें होतें. खालीं सह्या आमच्याच होत्या. चालकाची सही नव्हती, कारण त्यास त्या बैठकीस बोलाविलेंच नव्हतें. पुढील बैठकींत तपासणीचा हा सारा तपशील वाचून दाखविला. पगारकपातीचा ठराव ज्यांनीं मांडला होता त्यांनींच तो मागें घेतला.

दुरुस्तीविषयीं थोडें लिहिलें पाहिजे, कारण येथें पुन्हां एकदां चूक होणार होती. गांवच्या लोहारानें सांगितलें कीं गज भट्टींत लाल करून अर्ध्या दिवसांत सरळ करून देतों, खर्चही अगदीं थोडा. मोह पडण्यासारखीच गोष्ट. परंतु असा गज तापवून ठोकला म्हणजे त्याचें मूळचें बळ राहील याचा भरंवसा धरतां येत नाहीं. तो दिसेल सरळ, आणि पहिल्या जड खेपेस पुन्हां त्याच जागीं बसेल किंवा, त्याहून वाईट, मोडेल. लोहाराच्या कसबाविषयीं आम्हांस आदर आहे, पण हें त्याचें काम नव्हे. आम्हीं नवा आंस घातला. नवा घेतांना तो जुन्याइतकाच जाड आहे कीं नाहीं हें पट्टीनें मोजून घेतलें, कारण विकणारा देईल तो आंस बसला म्हणजे चालला, असें होत नाहीं. दोन्ही बाजूंच्या पाट्यांची संख्या व बांक सारखा करून घेतला.

जे टायर एका कडेनें झिजले आहेत पण ज्यांचे दोरे अद्यापि दिसत नाहींत, ते रिमवर उलटे चढवून आंतली कड बाहेर आणतां येते, व त्यांचें आयुष्य कांहींसें वाढतें. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असें करूं नये. आणि मूळ दोष काढल्यावांचून तर मुळींच करूं नये, नाहींतर एकाच्या जागीं दोन्ही कडा जातात व टायर अधिकच पातळ होतो. दोरे दिसूं लागलेला टायर मागें असो कीं पुढें, तो काढलाच पाहिजे. "एवढी एक खेप होऊं द्या" म्हणून आम्हींही तो चालविला होता, आणि ती खेप कशी झाली तें वर आलेंच आहे.

ज्यांच्याकडे ट्रॉली नसून टायरची बैलगाडी आहे, अशा वाचकांनीं हा लेख आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. ट्रॅक्टर घोड्यांच्या बळावर दोष झांकून नेतो. बैलांस तो मानेवर सोसावा लागतो. गाडीच्या आंसाचीं टोंकें वांकून चाकांचीं तोंडें आंत वळलीं असतील आणि वर सांगितल्याप्रमाणें दोन रेघांमधील फरक सहा मिलिमीटर असेल, तर प्रत्येक चाक आपल्या मार्गापासून तीन मिलिमीटर वांकडें आहे. पाऊण मीटर व्यासाच्या टायरवर हें प्रमाण दर मीटरास चार मिलिमीटर पडतें. म्हणजे एक किलोमीटर चालतांना प्रत्येक टायर चार मीटर आडवा फरफटतो; दहा किलोमीटरांवरच्या कारखान्यास जातांना चाळीस मीटर. टनावारी ऊंस लादलेला टायर चाळीस मीटर आडवा ओढून न्यावयाचा, हें काम त्या दोन जनावरांनीं करावयाचें असतें आणि त्याबद्दल वजनकांट्यावर एक पैसाही मिळत नाहीं. गाड्यांस बहुधा कोठून कोठून जमविलेले जुने टायर घालतात; त्यांत एका बाजूस मोठा व दुसऱ्या बाजूस लहान असा जोड पडला, तर गाडी सतत एका अंगास ओढते व त्या बाजूच्या बैलाच्या खांद्यास आवाळूं येतें. दोन्ही टायरांचा घेर सुतळीनें मोजून पाहण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत.

सन २०२४-२५ च्या हंगामांत मंडळानें एका ट्रॉलींत सहा टनांहून अधिक ऊंस भरूं दिला नाहीं. पट्टीवरचा आंकडा पांचांचा आहे, हें आम्ही विसरलेलों नाहीं. सहावा टन ही सभासदांशीं केलेली तडजोड आहे, आणि ती योग्य आहे असें आमच्यापैकीं सर्वांस वाटत नाहीं. खेपा वाढल्या, डिझेल वाढलें, त्याबद्दल बैठकींत आवाजही चढले. मार्च २०२५ मध्यें हंगाम संपल्यावर मागच्या दोन्ही टायरांच्या खांचांची खोली आंतल्या व बाहेरल्या कडेस पट्टीनें मोजली. फरक एक मिलिमीटराच्या आंत होता. पुढचा उजवा टायर मात्र अजून हवा धरीत नाहीं. व्हॉल्व्ह बदलला, तरी पंधरा दिवसांत दहा पौंड कमी होतात. रिमच्या गंजलेल्या कडेंतून ती जात असावी असा चालकाचा तर्क आहे, व तो बहुधा बरोबर ठरेल.

हवेचा कांटा आतां त्याच्याच पेटींत असतो. ओळंबा, दोरी आणि टेप मंडळाच्या कचेरींत ठेवली आहे. हंगामापूर्वीं ज्या सभासदांस आपली ट्रॉली अथवा गाडी मोजून पाहावयाची असेल त्यांनीं सकाळीं येऊन न्यावी व संध्याकाळपर्यंत परत आणून द्यावी. दोरी गुंडाळून द्यावी, कारण मागल्या खेपेस तिचा गुंता सोडविण्यांत आमचा अर्धा दिवस गेला.